दुपारचं सोडियम

माझी पहिली धड नोकरी ‘काही नाही’ शोधून काढण्याची होती. हे घरी समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. वडील गिरणीत मागावर काम केलेले. काम म्हणजे संध्याकाळी ज्याचा कापडासारखा ताका गुंडाळून ठेवता येतो ते, अशी त्यांची सरळ समजूत. मी बोरिवलीच्या घरात शिरलो की ते विचारायचे, “आज काय केलंस?”

“ॲसिड तपासलं.”

“मग काय सापडलं?”

“काही नाही.”

“अरेरे.”

“अरेरे काय, अण्णा? काही नाही सापडलं म्हणून मालक खूश झाले.”

यावर ते आत वळून आईला सांगायचे, “ह्याला वाढ गं लवकर. दमून आलाय बिचारा.”

तर ‘काही नाही’ शोधायला पगार कोण देतं, ते आधी सांगतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या मालकांचा दोन मजली गाळा होता. खाली फिनेल आणि बॅटरीत घालायचं ॲसिड तयार व्हायचं. वर एक मोठी खोली आणि तिला चिकटून एक छोटी खोली, एवढ्या जागेला मालक ‘शुद्ध विभाग’ म्हणत. तिथून जवळच, निर्यात वसाहतीत, ट्रान्झिस्टर बनवणारी एक कंपनी होती. सिलिकॉनच्या बिस्किटाच्या आकाराच्या, पापडाइतक्या पातळ चकत्या असतात. त्या नायट्रिक ॲसिडनं धुवाव्या लागतात, आणि हे ॲसिड इतकं शुद्ध लागतं की आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते त्याच्यापुढे गटाराचं पाणी. त्यातला सगळ्यात मोठा दुश्मन म्हणजे सोडियम. आपल्या मिठातलंच. चकतीवरच्या थरात ते एकदा शिरलं की आगंतुक पाहुण्यासारखं या खोलीतून त्या खोलीत फिरत बसतं, आणि ट्रान्झिस्टर आज एक वागतो, उद्या दुसरंच. त्या कंपनीला किती सोडियम चालायचं? पोहण्याच्या तलावात चमचाभर मीठ टाकून ढवळलं, तर जेवढं होईल तेवढं. त्याहून जास्त झालं की बाटल्या परत.

ती कंपनी ॲसिड परदेशातून मागवायची. आमच्या मालकांच्या मनात आलं, आपण का नाही बनवायचं? मालक मूळचे मालवणकडचे. उमेदीची वर्षं गिरणीच्या रंगखात्यात काढलेली, बोलणं अजून पूर्ण गावचं, आणि नवीन काही दिसलं की डोळे लहान मुलासारखे चमकायचे. त्यांनी काचेहून शुद्ध अशा क्वार्ट्‌झची भट्टी बसवली, ॲसिडची वाफ करून ती थेंबाथेंबानं परत गोळा करायला सुरुवात केली. पण ते खरंच शुद्ध झालंय हे कळणार कसं? त्यासाठी ते मशीन आलं.

मशीन आमचं नव्हतं. पसंतीला लुगडी आणून ठेवतात ना, तसं विक्रेत्यानं ते आमच्याकडे आणून ठेवलं होतं. वापरून बघा, आवडलं तर ठेवा, नाही तर घडी न मोडता परत. ठरलं होतं असं: ट्रान्झिस्टर कंपनीचे क्वालिटी साहेब एक दिवस येऊन बसणार, त्यांच्यासमोर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ॲसिड तपासायचं. दोन्ही वेळा सोडियम हद्दीत राहिलं तर ऑर्डर आपली, आणि मशीन कायमचं आपलं. नाही राहिलं तर मशीन विक्रेत्याकडे, ‘शुद्ध विभाग’ बंद आणि मी खाली, फिनेलमध्ये.

फिनेलमध्ये मी आधी वर्षभर होतो, त्यामुळे मला त्याची पूर्ण कल्पना होती. बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची, हा एकच फायदा.

आणि मशीन असं, की बघत राहावं. पेन्सिलीतल्या शिशाच्या जातीची एक छोटी काळी नळी. तिच्यात ॲसिडचा एक थेंब सोडायचा. बटण दाबलं की नळी आधी लाल, मग पिवळी, मग डोळे दिपतील अशी पांढरी व्हायची. थेंबातलं सोडियम वाफ होऊन उडायचं, त्यातून प्रकाशाचा किरण जायचा, आणि शेजारी सरकत असलेल्या कागदावर पेन टुणकन उडी मारायचं. उडी जेवढी उंच, सोडियम तेवढं जास्त. उडी नाही, म्हणजे ‘काही नाही’. मी त्या मशीनच्या इतका प्रेमात होतो की सकाळी आल्यावर आधी त्याच्यावरचं कापड काढायचो, मग माझी चप्पल.

सकाळी आल्यावर म्हणजे सगळे आल्यावर. बोरिवलीहून मरोळला बसनं यायचं, ही सबब माझ्या तोंडात कायम तयार असे. त्यामुळे सकाळचा नमुना माझी सहकारी भरून ठेवायची. ही वेसाव्याची, कोळ्यांच्या घरातली. माझ्याच कॉलेजची, माझ्याच वर्षाची, आणि माझ्याहून वरच्या नंबरानं एम.एस्सी. झालेली. ही शेवटची गोष्ट ती फारशी बोलून दाखवायची नाही, म्हणजे दिवसातून एखाद्याच वेळी. दुपारी ती भट्टीजवळ अडकलेली असायची, म्हणून दुपारचा नमुना मी भरायचो.

नमुना भरणं हा सोपा प्रकार नव्हे. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या ॲसिडमध्ये भिजवलेल्या, शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळलेल्या. हातात प्लास्टिकची पिशवी घालून बाटली धरायची, झाकण चिमट्यानं उचलायचं. बाटलीच्या तोंडाला बोट लावणारा माणूस मला चपला घालून देवघरात आल्यासारखा वाटायचा. माझं बोट कधी लागलं नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि तरीही, सकाळचं ॲसिड पास व्हायचं, दुपारचं नापास.

तेच ॲसिड, तीच टाकी, तेच मशीन. सकाळी पेन कागदावर जरासं हलायचं, डुलकीत मान हलावी तसं. दुपारी उडी मारायचं. मालक जिना चढून यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काय रे, आज काय गावला?”

“सोडियम, मालक.”

“मेल्या, गावूक नको तेच तुका गावता!”

मी चौकशी सुरू केली. शास्त्रीय चौकशी. पहिला संशय उदबत्तीवर. मालक रोज वरच्या खोलीत गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावायचे. राखेत काय काय असतं हे मी त्यांना सांगितलं आणि फोटो खाली हलवायला लावला. मालक हबकले. “देवाच्या कृपेन मशीन इला, आणि तू देवाकच खाली फिनेलात धाडतंस?” पण धाडला. दुपारचं सोडियम होतं तिथंच राहिलं. मग मी पावडर बंद केली, गजरे बंद केले, वर डबा खाणं बंद केलं. दुपारी माझ्या सहकारीच्या डब्यात तळलेले बोंबील असायचे, आणि बोंबील म्हटलं की समुद्र, समुद्र म्हटलं की मीठ, असा माझा विचार धावला. तो मी बोलूनही दाखवला.

ती भट्टीवरून वळली. “बोंबील डब्यात आहेत रे, बाटलीत नाहीत. एवढा फरक कळत नसेल तर एम.एस्सी. कशात केलंस तू?”

डबा खाली गेला. माझे स्वतःचे खारे शेंगदाणे मी जेवणानंतर फाटकाबाहेर जाऊन, रस्त्यावर उभा राहून खायचो. नियम म्हणजे नियम.

सोडियम हलेना. आणि मग एका दुपारी खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, टेबलावरचा कागद फडफडला, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. पाचवीचा भूगोल! दिवसा जमीन तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारे वाहतात. त्यांना काय म्हणतात? खारे वारे! नावातच मीठ. सकाळी वारा पडलेला, म्हणून पास. दुपारी खारे वारे सुटतात, म्हणून नापास. बाईंनी तेव्हा पट्टीनं शिकवलं होतं, ते इतक्या वर्षांनी मरोळला उपयोगी पडत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

मी मालकांना बोलावलं. फळ्यावर समुद्र काढला, किनारा काढला, वेसावे काढलं, अंधेरी काढली, मरोळला आमचा गाळा काढला, आणि बाणांनी सगळं मीठ खिडकीतून आत आणून दाखवलं. चित्र इतकं झकास जमलं होतं की मालकांनी चष्मा काढून पुसला.

“खरा रे,” ते म्हणाले, “गावाक आमच्या खिडकेचे गज गंजतत, ते ह्याच वाऱ्यान.”

माझी सहकारी हाताची घडी घालून मागे उभी होती. “वेसाव्यातनं निघालेला वारा मरोळला येईल कशाला?” ती म्हणाली. “अंधेरीच्या नाक्यावरच अडकेल की तो.”

“चेष्टा नको. हे शास्त्र आहे.”

“असू दे शास्त्र. पण मी रोज तोच वारा खात घरून येते, आणि सकाळचा नमुना मीच भरते. मग माझ्या अंगावरचं मीठ कुठे जातं रे?”

मला खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं होतं. तिच्या त्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. पण फळ्यावरचे बाण इतके सुंदर होते! मी म्हणालो, “तुझा मुद्दा नंतर बघू,” आणि खिडक्या बंद करायला लागलो.

नुसत्या बंद नाही. फटींवर चिकटपट्ट्या, चिकटपट्ट्यांच्या कडांना मेणबत्तीचं मेण, दाराला ओला पडदा. वर पत्र्याचं छप्पर, बाहेर मे महिना. दुपारी त्या खोलीत इडल्या ठेवल्या असत्या तर उकडून निघाल्या असत्या. पंखा बंद, कारण पंखा धूळ उडवतो, हाही माझाच नियम. मालक बनियनवर आले. माझ्या सहकारीनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, तोही मी बंद पाडला. माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचे थेंब टपकायला लागले, आणि त्या अवस्थेत मी नमुना भरला, तपासला. पेननं याआधी कधी मारली नव्हती एवढी उंच उडी मारली.

“बघा!” मी ओरडलो. “म्हणजे फटी अजून राहिल्यात!”

मालकांनी बनियनच्या टोकानं तोंड पुसलं. माझी सहकारी वाद न घालता भट्टीकडे निघून गेली. ती वाद घालत नसली की काळजी करायची, एवढं मला कळत होतं. तरी मी आणखी मेण आणायला माणूस पाठवला.

अशा उकडलेल्या अवस्थेत क्वालिटी साहेबांचा दिवस उजाडला.

साहेब मुलुंडला राहणारे, बारीक अंगाचे, बोलायला इतके मऊ की ‘नापास’ म्हणाले तरी आशीर्वाद दिल्यासारखं वाटावं. खोलीत आल्यावर त्यांनी खिडक्यांकडे बघितलं, मेणाकडे बघितलं आणि विचारलं, “आपल्याकडे काही फोटो धुतात का?” मी त्यांना खारे वारे समजावून सांगितले. त्यांनी फार आदरानं ऐकून घेतलं. आता वाटतं, इतक्या आदरानं ऐकायचं काही कारण नव्हतं.

सकाळचा नमुना सहकारीनं भरला. थेंब, बटण, लाल, पिवळी, पांढरी. पेन जरासं हललं आणि झोपलं. साहेब म्हणाले, “वा.” मालक जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेले आणि देवाला सांगून परत आले.

दुपारी मालकांनी साहेबांना घरचं जेवण वाढलं. मी अर्ध्या पानावरून उठलो. मी फाटकाबाहेर गेलो, शेंगदाण्याचा एक पुडा संपवला, त्याच भरात दुसराही संपवला. आलो, हात कोपरापर्यंत धुतले, पिशव्या चढवल्या आणि नमुने भरायच्या छोट्या खोलीत जाऊन, सगळ्यांच्या देखत, माझ्या आयुष्यातला सर्वांत निर्दोष नमुना भरला.

थेंब. बटण. पेननं उडी मारली.

मी परत थेंब सोडला. परत उडी. खिडक्या बंद, वाऱ्याला यायला जागा नाही, फळ्यावरचे माझे बाण मात्र अजून डौलात आत शिरत होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खूप हळू म्हणाले, “अगदी जवळ पोचला होता आपण.” मालक मशीनकडे बघत होते. त्यांचा हात नकळत मशीन झाकायच्या कापडाकडे गेला.

“एक मिनिट,” माझी सहकारी म्हणाली. साहेबांना नव्हे, मला. “परत भर. माझ्यासमोर. सावकाश.”

“भरला की आत्ता. सगळ्यांनी बघितलं.”

“सगळे हात बघत होते. तू भर.”

ती येऊन माझ्या समोर उभी राहिली, आणि माझ्या हातांकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मला अवघडल्यासारखं झालं. मी पिशवीतून बाटली घेतली, चिमट्यानं झाकण उचललं, ॲसिड भरलं, झाकण लावलं.

“आत्ता काय केलंस?” ती म्हणाली.

“झाकण लावलं.”

“त्याच्या आधी.”

“झाकण उचललं.”

“आणि मध्ये?”

“मध्ये काही नाही.”

“फू केलंस.”

“मी? छे! मी फू करत नाही.”

“झाकण तोंडासमोर आणलंस आणि फू केलंस. मी बघितलं ना.”

“ती फू नव्हती गं. झाकणात एखादा धुळीचा कण असला तर तो जावा म्हणून मी जरा…”

“जरा काय?”

सगळे माझ्याकडे बघत होते.

“…फू,” मी म्हणालो.

आता यात माझी बाजू कुणी ऐकून घेतली तर बरं होईल. आमच्या घरात सगळ्याला फुंकर होती. वडील आयुष्यभर मागावरचे कापसाचे तंतू फुंकत आलेले. आई स्टोव्हवर फुंकायची, कपात चहा ओतायच्या आधी कपात फुंकायची. रेडिओच्या मागे फुंकर, चष्म्यावर फुंकर, पाहुणे आले तर ते बसायच्या आधी खुर्चीवर फुंकर. ढोपर फुटलं तर औषध नंतर, फुंकर आधी. हात न लावता स्वच्छ करायचं म्हणजे फुंकायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावंच लागायचं नाही. मी बाटलीला बोट लावत नव्हतो ते खरंच. मी त्याहून जास्त काळजी घेत होतो.

पण माझी सहकारी पुराव्याशिवाय कुणाला सोडणारी नव्हती. तिनं दोन धुतलेल्या बाटल्यांमध्ये नुसतं शुद्ध पाणी भरलं. एक बाजूला ठेवली. दुसरीचं झाकण माझ्या तोंडासमोर धरलं.

“कर.”

“आता मुद्दाम कशी येईल?”

“रोज येते, आज का नाही येणार? कर फू.”

मी केली. तिनं झाकण लावलं, बाटली हलवली. आधी न फुंकलेलं पाणी: पेन हललंसुद्धा नाही. मग माझं. नळी पांढरी झाली आणि पेन जे निघालं ते कागदाच्या वरच्या टोकाला खट्‌कन आदळलं आणि तिथंच थरथरत उभं राहिलं. पुढे जायला कागद नव्हता.

क्वालिटी साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले. त्यांनी ती उडी नीट बघितली. “आमच्या मुलुंडला मिठागरं आहेत,” ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, “पण इतकं मीठ मी तिथंही पाहिलं नव्हतं.”

मला दोन पुडे शेंगदाणे आठवले. मी ते सांगितले नाहीत.

“साहेब, आता मी भरते नमुना,” सहकारी म्हणाली.

“नको.” साहेबांनी मान हलवली. “तुमचा सकाळचा बघितला मी. तुमच्या हाताबद्दल शंकाच नाही. पण दोष फुंकरीचाच होता, हे कसं सिद्ध होणार? यांनीच भरायला हवा. सगळं अगदी तसंच, फक्त फुंकर नाही. तो पास झाला तर मी सही करतो.”

म्हणजे क्वार्ट्‌झची भट्टी, मशीन, मालकांची सगळी हौस, हे सगळं आता एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं: मी एक नमुना भरेपर्यंत फू करायची नाही.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. बाटली घेतली, झाकण उचललं, आणि ओठांचा चंबू झाला. मला कळायच्या आत झाला.

“आली, आली, फू आली!” सहकारी ओरडली. ती बाटली बाद.

मग मी दरोडेखोरासारखा तोंडाला रुमाल बांधला. झाकण उचललं, आणि रुमाल फुगला. गणपतीत फुगा फुगवावा तसा, सगळ्यांना दिसेल असा. दुसरी बाटली बाद. धुतलेली आता एकच उरली होती.

“मेल्या, श्वासच घेव नको!” मालक कळवळून म्हणाले.

“श्वास नाही घेतला तर मी पडेन, मालक.”

“पड, पण बाटली भरून पड!”

सहकारीनं शुद्ध पाण्याच्या नळाखाली ग्लास धरला आणि माझ्यापुढे केला. “घे. तोंडात धर, गिळू नको. तोंडभर पाणी असलं की फुंकता येत नाही कुणाला. आणि हसलास ना, तर बघ!”

मी तोंडात पाणी घेतलं. गाल फुगले. हसायचं नाही म्हटल्यावर जगात हसण्यासारखं किती आहे ते कळायला लागलं. समोर मालक बनियनवर, हात जोडून, डोळे मिटून. बाजूला साहेब, ओठ घट्ट आवळून, खांदे हलताहेत. सहकारीनं तर मला बघायला लागू नये म्हणून सरळ भिंतीकडे तोंड केलं होतं, पण तिची वेणी हलत होती. मी नजर बाटलीवर ठेवली. मनात फिनेलचा वास आणला. त्यानं जमलं. झाकण उचललं. ओठांचा चंबू व्हायला निघाला, पाण्यावर आपटला आणि परत गेला. ॲसिड भरलं. झाकण लावलं.

आता पाणी थुंकायला मी खिडकीकडे धावलो, आणि खिडकीवर माझं मेण. उघडेना. शेवटी मी ते गिळलं. त्याला कसलीच चव नव्हती.

थेंब सहकारीनं सोडला, मला तिनं मशीनपासून लांब उभं केलं. लाल. पिवळी. पांढरी. पेन किंचित हललं, अगदी सकाळसारखं, आणि झोपलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मालकांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर लाथ मारून खिडकीची चिकटपट्टी फोडली आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेरचा वारा आत आला, खारा की गोडा ते त्या वेळी कुणी तपासलं नाही.

निघताना साहेबांनी आणखी एक कागद मागितला. माझ्या फुंकरीचा. वर आदळलेल्या पेनचा. “हा मी नेऊ का?” ते म्हणाले. “आमच्याकडे चकत्या भट्टीत ठेवायच्या आधी आमची मंडळी काय करत असतील, याचा आत्ता मला अंदाज येतोय.” दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, तेव्हा ते पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलत होते: त्यांच्या कारखान्यात जवळजवळ सगळेच फुंकत होते. त्यांनी मला तिथं बोलावून घेतलं, पांढरा डगला आणि टोपी घातलेल्या बायाबापड्यांच्या रांगेसमोर उभं केलं आणि मला फुंकर मारून दाखवायला सांगितली. मारली. त्यांच्या मशीनवरचं पेनही टोकाला जाऊन आदळलं. रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, “भाऊ, तुम्ही जेवणात मीठ जास्त खाता का?” मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

ऑर्डर आली. पुढच्या आठवड्यात मशीनचा विक्रेता उत्तर घ्यायला आला. मी मुद्दाम मशीनजवळच उभा होतो, न जाणो मालकांचा विचार फिरला तर. सहकारी टेबलाशी बाटल्या मांडत होती. नमुन्याच्या खोलीची किल्ली आता तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची आणि मला आत जायला बंदी होती. विक्रेत्यानं हात चोळत विचारलं, “मग मालक, मशीन कसं काय वाटलं? पसंत?”

“मशीन एकदम बेस आसा,” मालक म्हणाले. “ता आमी ठेवतलोंव.” मग त्यांनी माझ्याकडे एकवार वरपासून खालपर्यंत बघितलं. “ह्यो तेवढो बदलून गावतलो काय?”